सूज आणि बाळसं

नोव्हेंबर २०२३ मध्ये ठाण्यातल्या आमच्या पाट्यांच्या दुकानात जी गर्दी झाली, तशी मी आजवर पाहिली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबरला दुकानदारांना मराठी पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली होती, आणि आपल्याकडचा दुकानदार मुदतीच्या शेवटच्या आठवड्याआधी हलला असता तरच नवल. कायदा खरं तर २०२२ सालीच बदलला होता. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही मराठी पाटी हवी, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. या दुसऱ्या अटीने माझी पुढची जवळजवळ दोन वर्षं खाल्ली.

तोवर मराठी म्हणजे पाटीच्या कोपऱ्यातली एक ओळ. गिऱ्हाईक इंग्रजी नावावर तासभर घालवायचं आणि उठता उठता म्हणायचं, "खाली मराठीत पण टाका." मग श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या साठ्यातला हाताशी येईल तो फॉन्ट घेऊन आम्ही ते टाकायचो. कुणी वर मान करून बघतही नसे. पण दोन्ही लिप्या एका उंचीच्या करून शेजारी शेजारी उभ्या केल्या, आणि मग कुणी लग्नाचे कपडे घातलेत आणि कुणी घरातले, ते लगेच दिसायला लागलं.

त्या गर्दीत एक बेकरी होती. मालकीणबाईंना मी काकू म्हणतो. बेकरीचं इंग्रजी नाव जाड, गोल टोकांच्या अक्षरांत होतं, कडा कुठेच नाहीत, जणू फुगलेली कणीक. त्याखाली मी मराठी नाव लावून दाखवलं. काकू दोन मिनिटं गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वरचं बघितलं की पाव आठवतो रे. खालचं बघितलं की पाणीपट्टी."

गोल टोकांची जाड अक्षरं रोमनमध्ये ढिगाने आहेत. फोक्सवागनने १९७९ साली आपल्या जाहिरातींसाठी आणि विक्रेत्यांसाठी असा एक फॉन्ट करून घेतला, तेव्हापासून खेळण्यांच्या खोक्यांपासून टूथपेस्टपर्यंत ती जात सगळीकडे पसरली आहे. देवनागरीत असे फॉन्ट मोजके. मी वेळ नको म्हणून शॉर्टकट मारला. श्रीलिपीतला एक सरळ ठळक फॉन्ट घेतला, कोरल या चित्रं आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचे कर्व्ह केले, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेषा केल्या, भोवती जाड बाह्यरेषा दिली आणि तिचे कोपरे गोल केले. पाच मिनिटांचं काम. प्रिंट काढून भिंतीला लावली.

आमच्याकडे एक जुने पेंटर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. ब्रशने पाट्या रंगवायचं काम आता उरलेलं नाही, पण ते रोज येतात, चहा पितात, आणि कुणी न विचारता मत देतात. त्यांनी त्या प्रिंटकडे बघितलं आणि म्हणाले, "ही सूज आहे. बाळसं नव्हे."

मला राग आला होता, हे कबूल करतो. पण चहा संपेपर्यंत कळलं की म्हातारा बरोबर बोलतोय. बाह्यरेषा अक्षराला बाहेर वाढवते तशी आतही वाढवते. त्यामुळे 'ब'च्या पोटातली मोकळी जागा चिरेएवढी उरली होती, अनुस्वाराचा चेंडू होऊन तो शिरोरेषेवर टेकला होता, आणि 'क्ष' म्हणजे नुसता काळा डाग. बाळसं धरलेल्या मुलाच्या मनगटाला वळी पडते, कोपराला खळी पडते. सुजलेल्या हाताला काहीच पडत नाही, सगळं एकसारखं फुगतं.

काकूंची पाटी शेवटी 'बालू' वापरून केली. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या मंडळींनी केलेला हा फॉन्ट फुकट आहे, परवाना खुला आहे, धंद्यात वापरायलाही मोकळीक आहे. शिवाय नऊ-दहा लिप्यांमध्ये त्याची भावंडं आहेत आणि त्यांची नावंही त्या त्या भाषेतल्या भावाबिवांची: गुजराती 'भाई', बंगाली 'दा', मल्याळम 'चेट्टन', तमिळ 'तंबी', पंजाबी 'पाजी'. मला ही कल्पना फार आवडते. पाटी छान झाली. अडचण एवढीच की बालू छान आहे हे आमच्याशिवाय बाकीच्यांनाही माहीत होतं. जानेवारीपर्यंत त्याच रस्त्यावर चार पाट्या बालूत लागल्या, त्यातली एक टायरच्या दुकानाची. काकूंनी फोन केला. "अरे, माझी पाव-खारी आणि त्याचं पंक्चर एकाच अक्षरात कसं?"

एक टाइपचाच 'मोदक' करून बघितला. तो त्याहूनही जाड आहे, अक्षराच्या पोटात जेमतेम एक बारीक फट ठेवलेली, आणि कागदावर तो जबरदस्त दिसतो. पण काकूंच्या पाटीच्या मापात ती फट इतकी बारीक झाली की आमच्या राउटरचा ३ मिलिमीटरचा बिट तिच्यात शिरेना.

इथे थोडं आमच्या धंद्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. अॅक्रिलिकची उठावाची अक्षरं सीएनसी राउटरवर कापतात. बिट म्हणजे गरगर फिरणारी गोल दांडी. बाहेरचा कोपरा ती टोकदार कापू शकते, पण आतला कोपरा कधीच नाही, तिथे बिटच्या त्रिज्येएवढी गोलाई राहतेच. म्हणजे टोकदार फॉन्ट कापला की बाहेरचे कोपरे अणकुचीदार आणि आतले बोथट असं काहीतरी अर्धवट निघतं, आणि वर्षानुवर्षं आपण ते बघत आलोय म्हणून खटकत नाही. गोल टोकांचं अक्षर मात्र यंत्राच्या स्वभावालाच धरून असतं. मला वाटलं, हे अक्षर पाटीसाठीच आखलं तर? कागदासाठी आखून पाटीवर चढवायचं नाही, आधीपासूनच राउटर, विनाइल (काचेवर लावायचं चिकट प्लॅस्टिक) आणि दिव्यांचा विचार करून.

फेब्रुवारी २०२४ मध्ये फॉन्टफोर्ज, म्हणजे फॉन्ट आखायचा प्रोग्राम, उतरवून घेतला. तो फुकट मिळतो आणि आमच्या जुन्या संगणकावर चालतो. तीन महिन्यांत फॉन्ट होईल असं मी घरी सांगितलं होतं. बायको अजून ते वाक्य काढते.

आधी कागदावर. जाड मार्करने मोठ्या कागदावर म, प, व, र, ग, क लिहीत बसलो. मामा म्हणाले, बोरूने लिहून बघ. बोरूची काप रोमनच्या कलमाच्या उलट असते, त्यामुळे जाड-बारीकही उलट पडतं. मला तर सगळीकडे एकच जाडी हवी होती, मग बोरू कशाला? तरी लिहिलं. त्याचा उपयोग तेव्हा नाही, तीन महिन्यांनी झाला: कुठली रेघ बारीक केली तर अक्षराला चालतं आणि कुठली केली तर ते परकं दिसतं, हे हाताला माहीत झालं होतं.

मग संगणकावर अक्षरांचे नुसते सांगाडे काढले, एकेरी रेघेचे. फॉन्टफोर्जमध्ये 'एक्स्पांड स्ट्रोक' म्हणून सोय आहे, सांगाड्याला हवी ती जाडी आणि गोल टोकं देते. मी १४० एककं दिली, १००० एककांच्या चौकटीत. एका रात्रीत छत्तीस अक्षरं तयार. दुसऱ्या दिवशी प्रिंट लावली. मामांनी काही म्हटलं नाही, नुसता गाल फुगवून दाखवला.

सगळ्या रेघा मोजून सारख्या होत्या, पण दिसायला सारख्या नव्हत्या. आडवी रेघ उभ्या रेघेएवढी जाड ठेवली तर ती जास्त जाड दिसते. शिवाय जिथे गोलाई दंडाला मिळते, 'प'ला, 'व'ला, 'ष'ला, तिथे शाईची गुठळी झाल्यासारखा काळा ठिपका पडतो. आणि टोकं! अर्धवर्तुळ म्हणजे सगळ्यात गोल, असं मला वाटायचं. पण सरळ दंडाला कंपासने काढलेलं अर्धवर्तुळ जोडलं की सांध्यापाशी दंड किंचित फुगलेला दिसतो, आगकाडीच्या गुलासारखा. वर दंड आखूडही दिसतो, कारण गोल टोक ओळीला एकाच बिंदूत टेकतं. मग प्रत्येक टोक हाताने थोडं चपटं केलं आणि १२ एककं खाली उतरवलं. गोल दिसण्यासाठी गोलपणा कमी करायचा. एकदा हे समजलं आणि मी त्या छत्तीस अक्षरांची फाइल पुसून टाकली. आता वाटतं, ठेवायला हवी होती, गंमत म्हणून.

खरी मारामारी उंचीची. रोमन जाड करायचं तर अक्षर रुंद करता येतं, जागा आडवी वाढते. देवनागरीत रेघा एकावर एक रचलेल्या असतात. माझ्या अक्षराची उंची ६४०, त्यातली १०० शिरोरेषेची. उरले ५४०. 'ह'मध्ये शिरोरेषेखाली वरची वळी, मधली वळी आणि शेपूट अशा तीन रेघा बसवायच्या. प्रत्येकी ११० धरली तर ३३० गेले, आणि २१० मध्ये तीन फटी, म्हणजे एकेक फट ७० ची. ७० ची फट कागदावर दिसते, रस्त्याच्या पलीकडून दिसत नाही. म्हणून 'ह'च्या रेघा ९० च्या केल्या, शेपूट आणखी बारीक, आणि सगळं अक्षर थोडं रुंद. 'ह' बारीक केला तर तो 'म'शेजारी उपाशी दिसायला लागला. मग 'म' थोडा कमी केला. मग 'म'मुळे 'भ'. असे मे आणि जून गेले.

'ब'वर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण 'बेकरी' 'ब'ने सुरू होते. 'ब' म्हणजे 'व'च्या पोटातली तिरपी रेघ. ती रेघ पोटाचे दोन तुकडे करते आणि जाड अक्षरात दोन्ही तुकडे बुजतात. आमच्या दुकानासमोर रिक्षा स्टँड आहे. प्रिंट आमच्या काचेवर लावून मी स्टँडवर जाऊन उभा राहायचो. पहिल्या चार-पाच प्रिंटांवर तिथून स्वच्छ 'वेकरी' वाचता येत होतं. शेवटी पोट डावीकडे फुगवलं, तिरपी रेघ ६८ पर्यंत खाली आणली, बाकीच्या रेघांच्या निम्मी. जवळून बघितलं तर ती हाडकुळी दिसते. पण जवळून पाटी कोण वाचतं.

'ख'ची गोष्ट त्याहून वाईट. 'ख' म्हणजे 'र' आणि 'व' एकमेकांना जोडलेले, तो जोड नीट दिसला नाही की 'रव' वाचलं जातं. हे मला शाळेपासून माहीत होतं. तरी मी काकूंच्या काचेवर लावायला एक नमुना करून दिला: खारी, टोस्ट, नानकटाई, मावा केक. दोन दिवसांनी त्यांच्याकडे एका मुलाने विचारलं, "रवारी काय असतं?" जोडाची रेघ मी गोलाईच्या नादात वर उचलली होती. आता ती खाली, दंडाच्या पायाशी घट्ट चिकटलेली आहे.

बेकरीच्या शब्दांनी आणखी एक गोष्ट शिकवली, जी नेहमीच्या नमुना-मजकुरात कधीच सापडली नसती. पॅटिस, जॅम, कॉफी, चॉकलेट, ऑरेंज, बॅगेत. ॲ आणि ऑ यांच्या चंद्रकोरी! मराठी दुकानाच्या फळ्यावर जितक्या चंद्रकोरी असतात तितक्या कुठल्याच कवितेत नसतील. जाड चंद्रकोर म्हणजे भरलेली वाटी. तिची टोकं गोल केली की ती वाटीही राहत नाही, बटाटा होतो. मी ती रुंद केली, मधोमध बारीक केली आणि टोकं बाहेर झुकवली. हिंदीत 'ऍ' असंही लिहितात, मराठीत 'ॲ'. मराठीच्या या 'ॲ'ला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या सर्वमान्य यादीत, स्वतःची जागा २००८ साली मिळाली, त्याआधी तो जुगाड करून काढत. अजूनही अर्धे लोक तो 'अ'वर चंद्र ठेवून टाइप करतात, म्हणून फॉन्टमध्ये दोन्ही वाटांनी आला तरी सारखाच दिसेल अशी तजवीज करावी लागली.

मी मूळचा कऱ्हाडचा. तिकडे नाव कराड असंही लिहितात, पण आमच्या घरी कऱ्हाडच. हा 'ऱ्ह' म्हणजे मराठीतला तो पापणीसारखा अर्धा 'र'. वऱ्हाड, कुऱ्हाड, गिऱ्हाईक. तो नसला तर दऱ्या आणि दर्या यांत फरक उरत नाही, आणि आचाऱ्यांना बोलावलं की आचार्यांना, ते जेवायला बसल्यावरच कळेल. जाड फॉन्टमध्ये ही पापणी अगदी छोटी, वळलेली, शिरोरेषेखाली लोंबणारी गोष्ट. तिला १४० ची जाडी दिली तर अळी दिसते. मी ती तीन वेळा काढली आणि तिसऱ्यांदा ती नीट बसली तेव्हा गावाचं नाव २०० पॉइंटमध्ये टाइप करून आईला व्हॉट्सअॅपवर पाठवलं. आईने विचारलं, गावी कधी येतोस.

'ल' आणि 'श' यांचं काय करायचं, हा मात्र निर्णय होता. मराठी वळणाचा पाकळ्यांचा 'ल' आणि हिंदी वळणाचा दंडाचा 'ल' वेगळे. 'श'चंही तसंच, आणि काही आकड्यांचंही. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं सॉफ्टवेअरला सांगितलं की मराठी रूपं येतात. ऐकायला छान. प्रत्यक्षात पाटीवाला भाषा निवडत बसत नाही आणि आमच्या धंद्यातली बरीचशी सॉफ्टवेअर विचारतही नाहीत. म्हणून मी उलटं केलं: मूळ रूप मराठी, हिंदी हवं असेल त्याने भाषा निवडावी. एका ओळखीच्या डिझायनरने हे नियमाला धरून नाही म्हणून सांगितलं. असेल. माझा फॉन्ट ठाण्यात लागणार आहे.

शिरोरेषेची फजिती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. गोल टोकांचा फॉन्ट म्हणून मी प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेची दोन्ही टोकं गोल केली आणि अक्षरं एकाला एक टेकवून ठेवली. शब्द लिहिला तर प्रत्येक सांध्यात वर-खाली खाचा. मण्यांची माळ. टोकं चौकोनी केली तर खाचा गेल्या, पण शब्दाची सुरुवात आणि शेवट कापल्यासारखे बोडके. आठवडाभर मी शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर ओळखून वेगळं रूप देणारे नियम लिहीत बसलो. मग एकदा झोपेत की काय सुचलं. शिरोरेषेची टोकं गोलच ठेवायची, पण दोन्ही बाजूंना तिच्या अर्ध्या जाडीएवढी, म्हणजे ५० एककं, अक्षराच्या हद्दीबाहेर काढायची. शेजारच्या अक्षराची शिरोरेषाही तेवढीच आत शिरते, दोघांची गोल टोकं एकमेकांच्या सरळ भागात बुडतात, सांधा नाहीसा. शब्दाच्या दोन टोकांना बुडायला कुणी नसतं, तिथे गोलाई आपोआप दिसते. नियम एकही नाही. माझ्या आधी हे शंभर जणांना सुचलं असणार, पण त्या रात्री मी फार खूश होतो.

ती खुशी पहिलं विनाइल कापेपर्यंत टिकली. कटरची सुरी बाह्यरेषेवरून फिरते, आणि एकमेकांत बुडलेल्या अक्षरांच्या बाह्यरेषा सुरीला दिसतातच. तिने प्रत्येक सांधा कापला. 'मावा केक' सोलून काचेवर लावायला घेतला तर अक्षरं सुटी सुटी हातात आली, प्रत्येकाच्या कानाला गोल चावा घेतलेला. कापण्याआधी कोरलमध्ये 'वेल्ड' करायचं, म्हणजे सगळ्या बाह्यरेषा मिळून एकच करायची, एवढाच उपाय आहे आणि आता दुकानात सगळ्यांना तो पाठ आहे. एकदा वेल्ड झाला की मात्र देवनागरीचा फायदा कळतो. इंग्रजी नावाची आठ अक्षरं म्हणजे आठ तुकडे, आठ वेळा सरळ रेषेत बसवायचे. मराठी शब्द शिरोरेषेमुळे सबंध एकच तुकडा.

'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांतला फरक म्हणजे शिरोरेषेत पडलेली फट. दुसरीतल्या पुतणीला मी एक पान वाचायला दिलं. तिने 'धन'ला 'घन' वाचलं, मग म्हणाली, "काका, हे सगळं गोड आहे पण नीट दिसत नाहीये." फट दुप्पट केली. वर 'ध'च्या डाव्या टोकाला छोटीशी गाठ ठेवली, मामा ब्रशने ठेवायचे तशी.

जोडाक्षरं, वेलांट्यांची सात वेगवेगळी रुंदी, रफाराखाली येणारी वेलांटी, 'गर्दी' आणि 'सर्वांचं' यांतली टक्कर, 'रु' आणि 'हृ' यांची वेगळी रूपं, 'महाराष्ट्र'मधला तीन मजली 'ष्ट्र': यात २०२४ संपलं. सांगण्यासारखं त्यात फारसं नाही, रोज रात्री दोन अक्षरं, रविवारी पाच. एकदा विंडोजमध्ये सगळ्या वेलांट्यांची डोकी छाटलेली आली, कारण फॉन्टची वरची हद्द मी कमी लिहिली होती. रुपयाच्या चिन्हाने मात्र आनंद दिला. उदय कुमार यांनी काढलेलं आणि २०१० साली स्वीकारलेलं ते चिन्ह मुळात 'र'च आहे, वर शिरोरेषेसारख्या दोन रेघा. माझा 'र' तयार होता, वीस मिनिटांत झालं. रोमन अक्षरं पंधरा दिवसांत उरकली आणि ती तशीच दिसतात.

आता अनुस्वार. काकूंच्या दुकानाच्या नावात एक अनुस्वार आहे. उठावाच्या पाटीत अनुस्वार हा एकटाच सुटा तुकडा. बाकी शब्द शिरोरेषेने बांधलेला, त्याला मागून चार-पाच स्टड, म्हणजे भोकांत बसणाऱ्या दांड्या, आणि हे एक टिंब, रुपयाच्या नाण्याएवढं, एका स्टडवर किंवा नुसत्या सिलिकॉनवर. दोन पावसाळ्यांत ते पडतं. रस्त्याने जाताना वर बघत चला, 'आनद' आणि 'वसत' किती सापडतात मोजा. आत एलईडी असेल तर त्या एवढ्याशा टिंबासाठी वेगळी वायर, वेगळं भोक, त्यातून पाणी.

मामांना विचारलं, तुम्ही पत्र्याच्या अक्षरांना काय करायचात? ते म्हणाले, "मान ठेवायची." टिंब शिरोरेषेपासून तोडायचंच नाही, खाली एक बारीक मान ठेवायची आणि मान पाटीच्या रंगाने रंगवायची. लांबून ती दिसत नाही.

मी फॉन्टमध्ये अनुस्वाराचं दुसरं रूप केलं, मानेचं. मान ४० एककांची. नेहमीच्या मजकुरात साधं टिंब येतं, पाटीवाल्याने पर्यायी रूपांचा संच चालू केला की मानेचं. चंद्रकोरीलाही तशीच मान. दिसायला ते रूप विचित्र आहे, छापायला मी कुणाला देणार नाही. पण जाड गोल अक्षरांच्या गर्दीत ही छोटी मान खपून जाते. गवताची काडी धरलेल्या मुंगीसारखी दिसते, असं पुतणी म्हणाली. तिला ते आवडलं.

फॉन्ट ऑगस्ट २०२५ मध्ये पाटीवर लावण्याजोगा झाला, सुमारे ६२० ग्लिफ, म्हणजे सुटी अक्षररूपं. 'ङ' अजून मला पटत नाही. नाव ठरलेलं नाही, फाइलचं नाव 'खारी १७' आहे आणि दुकानात सगळे त्याला खारीच म्हणतात. मामांना शेवटची प्रिंट दाखवली तेव्हा ते बराच वेळ 'ळ'कडे बघत होते. "याला जरा खायला कमी घाल," एवढंच म्हणाले. घातलं.

गणपतीच्या आधी काकूंची पाटी बदलायचं ठरलं. पांढरं अॅक्रिलिक, आत एलईडी, मराठी नाव वर आणि इंग्रजी त्याखाली, दोन्ही एका उंचीचे. फिटर शिडीवर होता, मी खालून तुकडे देत होतो. मराठीचा सबंध शब्द त्याने एकदाच वर घेतला, स्टड भोकांत बसवले, मागे वळून हात पुढे केला.

"टिंब द्या."

म्हटलं, "टिंब नाहीये."

"राहिलं काय दुकानात? मग आता परत चढायला लागणार." तो खाली यायला लागला. मी त्याला वर बघायला सांगितलं. त्याने टिंबाला हात लावला, अंगठ्याने मान चाचपली, जरा ओढूनही बघितली. मग खिशातला सिलिकॉनचा ट्यूब परत खिशात ठेवला आणि म्हणाला, "बघू, जूनपर्यंत राहतंय का."